आमसुलाचं पाणी

माय, तुला जाऊन बरीच वर्षं झाली. तुला लिहायला बसले की मला तू कधीच न पाहिलेला एक सिनेमा आठवतो. नव्वदीची सुरुवात होती, मी जळगावच्या एका दैनिकात सिनेमावर लिहीत होते. स्टेशनमागच्या व्हिडिओ सेंटरमध्ये दुपारी इंग्रजी कॅसेट लागायची आणि मालक टीव्हीशेजारी उभा राहून गोष्ट अहिराणीत सांगायचा. त्या सिनेमातला डॉक्टर रोग्यांना म्हणतो, राग दाबू नका, अंगावर येऊ द्या. एका बाईच्या पाठीवर फोड उठतात, वाढत जातात, आणि एकेका फोडाला तोंड फुटून तो तिच्याच आवाजात नवऱ्याला, मुलीला हाका मारू लागतो. "बाई येडी नही शे रे, डॉक्टरच येडा शे!" मालक ओरडला. मागून कुणीतरी म्हणालं, "आरे, आमसूल लावा तिले!" सगळी खोली हसली. मी चपला शोधत बाहेर आले. चार वाजता मजकूर द्यायचा होता. 'हास्यास्पद' असं लिहून दिला.

तुझ्या अंगावर गांधी उठायच्या त्या चुलीपुढे. आबा काही बोलून गेले की तू उत्तर द्यायची नाहीस, कळण्याची भाकरी थापत राहायचीस, आणि मनगटापासून लाल चट्टे वर चढत जायचे. मग मी वाटीत आमसुलं भिजवून ते पाणी तुझ्या हातांना, मानेला लावायचे. "पाठीला लाव गं, तिथं माझा हात पोचत नाही," तू म्हणायचीस.

धुळ्याचा तो डॉक्टर आबांना कुणी सुचवला, कोण जाणे. नवी पद्धत आहे म्हणाले. दर गुरुवारी जळगावहून एस.टी.ने तू आणि मी जायचो. मी अकरा वर्षांची. तिथं काय चालतं ते घरी सांगायला आबांनी मला सोबत दिलेलं. पडद्याच्या अलीकडे बाकावर मी, पलीकडे तुम्ही. डॉक्टर कधी तुझा नवरा म्हणून आबा व्हायचे, कधी सासू म्हणून आजी, आणि तू त्यांच्यावर ओरडायचं. तू शाळेतलं मराठी बोलत ओरडायचीस. गांधी फुगल्या की डॉक्टर खूश व्हायचे. "बाहेर येतंय. आता काहीही लावायचं नाही, उठू द्या." मी आमसुलं भिजवणं सोडलं. दोन महिन्यांत तुझे ओठ सुजले, एक पापणी मिटली ती उघडेना. आजी तुझ्या हातचं जेवेनाशी झाली. एका गुरुवारी डॉक्टर म्हणाले, "आता मी तुमची मुलगी. बोला माझ्याशी." मग म्हणालीस, "तू नसतीस तर मी कधीच निघून गेले असते."

तुला घरात ठेवायचं की माहेरी धाडायचं, ते ठरवायला बैठक आपल्याच ओसरीवर भरली. निकाल लागेपर्यंत मामांनी घरचा चहा घेतला नाही. कप समोर गार होत राहिले. तू दाराआड उभी होतीस, पदर पुढे ओढून, तरी तुझा चेहरा दिसत होता आणि लोक बघत नव्हते. मामा म्हणाले, "बहीण आमची, भाची बी आमची. दोघींले घेऊन जातो." तेव्हा भाऊबंदांतल्या थोरल्या नानांनी मला पुढे बोलावलं. "घाबरू नको बेटा. तुले काय म्हणे माय?" मी तुझं ते वाक्य सांगितलं. नाना म्हणाले, "पोरीले इच्यापाशी ठेवणं बरं नाही." मामांनी टोपी उचलली. साक्रीच्या बसमध्ये तू एकटीच त्यांच्यासोबत बसलीस.

पुढे मी सुट्टीत एकदोनदा आले. तुझ्या गांधी गेल्या होत्या. डॉक्टर बंद झाल्यावर महिन्याभरात, मामी म्हणाली. तू मला बैठकीबद्दल कधीच विचारलं नाहीस, जेवायला वाढत राहिलीस.

त्या गुरुवारी तुझं बोलणं तिथंच संपलं नव्हतं. तू पुढे म्हणालीस, "तू आहेस म्हणून थांबले, तेवढंच मला बरं वाटतं." पडदा पातळ होता, मला स्पष्ट ऐकू आलं. ओसरीवर ते माझ्या ओठांवर आलं होतं. पण मामांच्या गावात टॉकीज नव्हतं, माय, आणि मला जळगाव सोडायचं नव्हतं.