एकाआड एक रविवार

रविवार, १ सप्टेंबर

चर्चमध्ये ड्रम! वेदीपासून चार पावलांवर! वाजवणारा बसचा ड्रायव्हर. बस चालवतो तसाच वाजवतो — ब्रेक म्हणून नाही. पुढे नर्सबाई हात वर करून गातात, मंडळी टाळ्या पिटतात. माझ्या गायकवृंदातले अकराही जण तोंडात मारल्यासारखे बसलेले.

उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठलं. "दोन महिने करून पाहू," म्हणाले. "एक रविवार त्यांचा, एक तुमचा."

अठ्ठावीस वर्षं सगळे रविवार माझेच होते.

मंगळवार, ३ सप्टेंबर

दुकानात हेडमास्तर आले. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण अजून सगळे हेडमास्तरच म्हणतात. चष्म्याची काडी सैल झाली होती. स्क्रू पिळून दिला. मग त्यांनी खिशातून अर्ज काढला. 'ड्रम व तत्सम गोंगाट कायमचा बंद करावा.' खाली रेघा आखलेल्या, सह्यांसाठी.

"पहिली सही तुमची. तुमची झाली की बाकीच्या आपोआप होतील."

मजकुरातला शब्दन् शब्द मला पटला. तरी म्हटलं, "ठेवून जा. वाचून करतो."

का म्हटलं असं? पेन हातातच होतं!

रविवार, ८ सप्टेंबर

आमचा रविवार. चारही आवाज नीट लागले. शेवटचं गीत संपल्यावर क्षणभर कुणी खोकलंसुद्धा नाही. यासाठी तर जगतो मी.

गुरुवार, १२ सप्टेंबर

गेले दोन गुरुवार ही संध्याकाळी नर्सबाईंकडे जाते. मला वाटलं, गुडघ्याचं काही विचारायला. आज गुणगुणतच घरात शिरली.

"हे त्यांचं गाणं ना?"

"हो. या रविवारी मीही गाणार आहे त्यांच्यात."

मी हसलो. ती हसली नाही. चपला जागेवर ठेवल्या आणि शांतपणे म्हणाली, "लग्नाच्या पहिल्याच वर्षी तुम्ही सांगितलंत, तुझा आवाज आमच्यात बसत नाही, तू मागे बस. बसले. आता उठले."

जेवताना मीठ मागितलं, तेवढंच बोलणं.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

एका गिऱ्हाइकाचं उजव्या डोळ्याचं भिंग डाव्या बाजूला बसवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दिवसभर तेच आठवतंय. तेव्हा मी साधा गायक होतो, वृंद हातात यायचा होता. पण तोरा होता. सगळ्यांदेखत बोललो. लोक हसले, तीही हसली. मी आजवर ती गंमत म्हणूनच लक्षात ठेवली होती. ती चोवीस वर्षांची होती.

रविवार, १५ सप्टेंबर

त्यांचा रविवार. पुढे मला काम नाही, म्हणून मागे गेलो, हिच्या नेहमीच्या जागेवर. तिथे समोर खांब आहे. गायकवृंद दिसतच नाही! मान कितीही वाकडी करा, खांबच. इतकी वर्षं ही दर रविवारी एका खांबाकडे बघत बसली आणि घरी आल्यावर मला सांगत राहिली, "छान झालं हं."

बाजूला सरकून उभा राहिलो.

ती गायली. दोनदा सूर सोडून गेली — माझे कान टवकारतातच, काय करू. पण कुणी वळून पाहिलं नाही. ती डोळे मिटून गात होती, एक हात छातीवर. अशी मी तिला प्रार्थनेत कधी पाहिली नव्हती. हिचं आणि देवाचं काय बोलणं चालतं, मला ठाऊकच नाही की!

ड्रम मात्र अजून डोक्यात वाजतोय. गोळी घेतली.

मंगळवार, १७ सप्टेंबर

हेडमास्तर अर्ज न्यायला आले. म्हटलं, "मी सही करणार नाही."

"म्हणजे आवडलं तुम्हाला ते?"

"छे हो! कान किटले. पण मला आवडत नाही म्हणून दुसऱ्याचं तोंड कसं बंद करू?" एकदा केलंय, हे पोटातच ठेवलं.

ते स्टुलावर बसले. चष्मा काढून काउंटरवर ठेवला. मग म्हणाले, "आमच्या हिला निरोप देताना तुम्ही लोक जे गायलात ना, त्यानेच मी त्या दिवशी उभा राहू शकलो. उद्या माझ्या वेळी कोण गाणार? तो ड्रायव्हर?"

तर हे होतं त्या अर्जामागे.

"मी आहे तोवर मी गाईन," म्हटलं. अर्ज घडी करून त्यांनी खिशात घातला. जाताना चष्मा दुकानातच विसरले. मागे धावत जाऊन दिला.

रविवार, २२ सप्टेंबर

आमचा रविवार. ड्रायव्हर चक्क पहिल्या बाकावर! नंतर येऊन विचारतो, "काका, तो सगळ्यात खालचा आवाज कुठून काढता? पोटात घुमतो अगदी." म्हटलं, शनिवारी सरावाला ये, दाखवतो. "मला नोटेशन वाचता येत नाही," म्हणाला. म्हटलं, मला टाळी धरता येत नाही.

हेडमास्तर गेल्या रविवारी दिसले नव्हते. आज होते.

गुरुवार, २६ सप्टेंबर

ही शेंगा सोलत होती. समोर बसून मीही सोलायला घेतल्या. म्हटलं, "तेव्हा माझं चुकलं. फार चुकलं."

"हो," म्हणाली. चार-पाच शेंगा गेल्या. मग — "पण आवाज बसत नव्हता, हे खरंच होतं हं."

आणि जी हसत सुटली! मीही. दाणे खाटेखालपर्यंत गेले.

शनिवार, १९ ऑक्टोबर

ड्रायव्हर चौथ्यांदा सरावाला आला. ताल पक्का, सूर डळमळीत. काढू हळूहळू.

रविवार, ३ नोव्हेंबर

दोन महिने संपले. पाळकसाहेबांनी विचारलं, एकाआड एक असंच चालू ठेवायचं का? मी हो म्हणणार, तोच हेडमास्तर उठले. अर्ज काढतात की काय! पण हात रिकामेच होते.

"रविवार वाटू नका," म्हणाले. "दोघंही दर रविवारी गा, एकत्र. त्यांच्या रविवारी मी घरी बसून पाहिलं. घरात फार शांत असतं हो. मला ड्रम चालेल."