दोन पावलं पुढे आलेला आरसा

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. आम्ही सगळे ठणठणीत आहोत, म्हणजे तब्येतीनं. तुझी कंबर काय म्हणते? भाऊजींना चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधायची सवय अजून आहे का? तू विचारशील, फोन असताना पत्र कशाला? तर दुकानातला फोन दादाच्या कोपराशी असतो, आणि मोबाइलवर बोलावं तर माझं गुपितसुद्धा रस्त्यापलीकडे ऐकू जातं हे तुला ठाऊकच आहे.

मागे सुट्टीत आली होतीस तेव्हा तू आम्हा दोघांना समोर बसवून केऑस थिअरी आणि गेम थिअरी समजावली होतीस. (कॉलेजात गणित शिकवून तुझं पोट भरत नाही, हे आमचं जुनं दुःख.) मी सारखी मान डोलवत होतो, ती डुलकी होती. पण आता दोन्ही शास्त्रं मला पाठ झाली आहेत. पहिल्याला मी गोंधळशास्त्र म्हणतो: सुरुवातीला जराशी वस्तू हलली की पुढे काय काय हलेल ते कुणाच्या बापाला सांगता येत नाही. दुसरं डावशास्त्र: मी काय करावं हे समोरच्यावर अवलंबून, समोरच्यानं काय करावं हे माझ्यावर, आणि शेवटी दोघंही काहीच करत नाहीत. माणूस असा का वागतो हे समजायला दोन्ही एकदम लागतात. पुरावा म्हणून आमचं चष्म्याचं दुकान हजर आहे.

तुला आठवतच असेल, तपासायची खोली आखूड आहे म्हणून अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगलेला असतो आणि गिऱ्हाईक तो समोरच्या आरशात वाचतं. दादानं नव्या फ्रेमांसाठी एक कपाट आणलं आणि ते आरशामागे बसावं म्हणून आरसा दोन पावलं पुढे ओढला. आता आरसा दोन पावलं पुढे आला की अंतर चार पावलांनी घटतं (जातानाही कमी, येतानाही कमी). अक्षरं मोठी दिसू लागली. लोक शेवटची ओळ धडाधड वाचायला लागले आणि मी खुशीत नंबर कमी करत गेलो. मला कपाट दिसलं, आवडलंसुद्धा, पण ते मावलं कसं हा प्रश्न काही पडला नाही. मी नंबर लिहायचे, दादानं काचा घासायच्या, अशी आमची वाटणी. त्यानं निमूट घासल्या. लांबचं जरा धूसर दिसणारे लोक आम्ही रोज रस्त्यावर सोडत होतो.

मग गोंधळशास्त्र सुरू झालं. शाळेच्या हेडबाईंना मागच्या बाकांवरची मुलं खोड्या काढताना दिसेनात. त्या हसून बोलू लागल्या, आणि मुलं म्हणे आपणहून गप्प बसू लागली. कोपऱ्यावरच्या न्हाव्याचं आणि समोरच्या इस्त्रीवाल्याचं वर्षानुवर्षं वाकडं, हे तुला माहीत आहे. न्हाव्यानं नवा चष्मा घालून पलीकडे पाहिलं, त्याला वाटलं आपला साडूच उभा आहे, आणि त्यानं दोन्ही हात वर करून जोरदार हाक मारली. इस्त्रीवाला आधी दचकला, मग त्यानंही हात हलवला. आता दोघं सकाळचा चहा एकत्र घेतात. चूक लक्षात आल्यावर आम्ही सगळ्यांना फुकट काचा बदलून देतो म्हणून बोलावलं, तर न्हावी म्हणतो, "राहू दे की. बरं चाललंय."

चूक पकडली हेडबाईंनीच, कारण त्यांना बसचा नंबर वाचता येईना. आरसा जागेवर गेला आणि डावशास्त्र सुरू झालं. दादाचं म्हणणं, नंबर तू काढलेस. माझं म्हणणं, आरसा तू ओढलास. ताई, दोघांचंही खरं आहे, आणि तीच तर पंचाईत आहे. जो आधी 'माझं चुकलं' म्हणेल त्याच्या गळ्यात अख्खी चूक जन्मभर पडणार. म्हणून तो बोलत नाही. तो बोलत नाही म्हणून मी बोलत नाही. निरोप गिऱ्हाइकांमार्फत जातात. काल एका आजोबांच्या तोंडी दादानं मला "यांना विचारा, पेचकस कुठे ठेवलाय" असं विचारलं. बिचारे आजोबा चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून आले होते.

इथपर्यंत हसू येतं. पण दादा आता समोरचा गाळा बघून आलाय. शनिवारी त्यानं हो म्हटलं की रस्त्याच्या एका बाजूला मी नंबर काढणार आणि दुसऱ्या बाजूला तो काचा घासणार. बाबांनी दोघांसाठी म्हणून थाटलेलं दुकान, आणि मला त्याच्याशिवाय ते चालवायचं नाही. तो काच उजेडात धरून एक डोळा मिटतो ना, ते बघितल्याशिवाय माझा दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. तरी मी आशा सोडलेली नाही. गोंधळशास्त्राप्रमाणे भांडण मिटायलाही जराशी वस्तू हलली तरी पुरते. नेमकी कोणती, तेवढंच सापडत नाही.

भाचीला गोड पापा. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. मागणं एवढंच आहे. लहानपणी आम्ही एकच चेंडू ओढत बसायचो, तेव्हा तू 'एक, दोन, तीन' म्हणायचीस आणि आम्ही दोघं एकदम हात सोडायचो. कुणीच हरायचं नाही. शुक्रवारी दुकानात फोन कर, दोघांना ऐकू येईल असा लावायला सांग आणि तसंच म्हण. तीन म्हटल्यावर आम्ही दोघं एकदम 'माझं चुकलं' म्हणू.

ता. क. २. दादाला यातलं काही कळू देऊ नकोस. तुझा नवा पत्ता त्याच्याकडेच आहे, म्हणून पाकीट घट्ट चिकटवून त्याच्या टेबलावर ठेवतोय.

ता. क. ३. ताई, हे मी लिहितोय, दादा. पाकीट उघडंच होतं. विसरला की डाव टाकला, ते तू ठरव. आणि तुला एक सांगायचं राहून गेलंय: हा 'तीन'ला कधीच सोडायचा नाही, चेंडू दर वेळी याच्याकडेच राहायचा. म्हणून या वेळी मी 'एक'लाच सोडला. गाळ्याला नाही म्हणून आलोय. शुक्रवारी फोन मात्र कर, याला तीनपर्यंत ताटकळू दे.