लिफ्टमध्ये सर्व समान

३ मार्च, सोमवार
आजपासून समाजकार्य. मावशी ज्या ऑफिसात साफसफाई करते, तिथल्या बायकांनी अखेर मॅनेजरला वाकवलं. आजी तिथं कामाला होती तेव्हा बायकांना मागच्या दारानं आत जावं लागे. मग भांडून पुढचं दार मिळालं. लिफ्ट मात्र अजून साहेबलोकांचीच. मावशी एका हातात बादली, दुसऱ्या हातात गुडघा धरून सहा मजले चढते. आता लिफ्टमध्ये बोर्ड लागणार: 'या लिफ्टमध्ये सर्व समान'. मॅनेजर म्हणाला, बोर्ड तुम्ही आणा, त्यावर असेल ते मी अक्षरशः पाळीन. मी सध्या पेंटरकाकांच्या दुकानात आहे (नोकरी तिसरी, पण ही टिकणार). काम अर्थात मलाच.

४ मार्च
इतिहास समजल्याशिवाय ब्रश उचलणं बरोबर नाही. मावशीला म्हटलं, जुन्या लढ्याबद्दल सांग. ती म्हणाली, माझ्या गुडघ्याला विचार, आणि सोमवारी बोर्ड दे.

६ मार्च
पत्रा आणायला निघालो. वाटेत एका ट्रकवाल्याशी ओळख झाली, बंदरापर्यंत गेलो. जहाज पाहिलं. जगात किती अन्याय आहे हे जहाज पाहिल्यावरच कळतं. पत्रा राहिला.

९ मार्च, रविवार, दुपारी
पत्रा आणला, एका दमात रंगवला. 'समान' की 'सामान' यावर जरा अडलो. काका जेवून आडवे झालेले. दोन्ही चालत असावेत. 'सामान'मध्ये वजन जास्त वाटलं. कोपऱ्यात सही केली. पुढेमागे लोक विचारतील.

१० मार्च
बोर्ड लागला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरनं दोनदा वाचला आणि हसत हसत माझा हात दाबला. कलेतलं कळणारी माणसं कमी असतात.

११ मार्च
मॅनेजर शब्दाचा पक्का निघाला. सकाळपासून लिफ्टनं कपाटं चढताहेत. साहेबलोक बॅगेबरोबर जातात, कारण बॅग एकटी जात नाही म्हणे. बादली एकटी जाते. लिफ्टमननं ती आदरानं आत घेतली आणि मावशीला जिना दाखवला. घरी आल्यावर मावशी म्हणाली, निदान बादलीचं तरी भलं केलंस रे बाबा. मी म्हटलं, सुरुवात कुठूनतरी व्हायला हवी. ती गुडघा चोळत बसली. फक्त एका कान्याचा प्रश्न आहे. उद्या पुसतो. प्रगती थांबत नसते.

१२ मार्च
काना पुसायला गेलो. लिफ्टमन म्हणाला, बोर्डाला हात लावायचा तर मॅनेजरची परवानगी आण, सहावा मजला. टर्पेंटाइनचा डबा त्यानं लिफ्टमध्ये ठेवून घेतला. मी जिन्यानं.

चौथ्या मजल्यावर दम खात हे लिहितोय. माणसाच्या हक्कांवर एक फार मोठा विचार सुचत होता. तेवढ्यात मावशी फडकं घेऊन खालून वर आली. म्हणाली, सरक, पायरी पुसायचीय.