दोन सिलिंडरची गाडी

७ मार्च १९७१, रविवार
सकाळी बेलापुरात गोरक्षच्या गॅरेजवर. इंग्रजी मासिकात लवकरच बाजारात येणाऱ्या नव्या मोटरसायकलचा फोटो आलाय. गाडी ताडपत्रीखाली. दिसतं एवढंच : मागचं चाक आणि दोन सायलेन्सर. दोन सायलेन्सर म्हणजे दोन सिलिंडर, हे मी तिथल्या तिथे सांगितलं. गोरक्ष म्हणाला, एका सिलिंडरलाही दोन सायलेन्सर असतात. माणूस हाताचा चांगला, पण वाचन नाही. माझ्याकडे सायकल आहे हे खरं, पण चित्रकलेच्या शिक्षकाला रेषेवरून आतलं इंजिन दिसतं.

१९ मार्च
सातवीच्या वर्गात फळ्यावर गाडीची टाकी काढत होतो. हेडमास्तर विष्णुपंत आत आले. म्हणाले, कलिंगड छान जमलंय.

४ एप्रिल, रविवार
आज गॅरेजवर आप्पासाहेब आले. पन्नास एकरांचे बागायतदार, पण मला विचारल्याशिवाय यंत्राला हात लावत नाहीत. त्यांची मोटरसायकल नऊ वर्षांची. म्हणाले, "मास्तर, इकू का ठिवू?" विका म्हटलं. दोन सिलिंडर, सेल्फ-स्टार्टर, जूनच्या आत हजर. गोरक्ष स्पार्क प्लग पुसत राहिला.

९ एप्रिल
गाडी पुंजाराम दूधवाल्याने घेतली. आप्पासाहेबांच्या पत्नी मालनबाईंनी विचारलं, नवी नक्की येनार ना? लेखी देऊ का, म्हणालो. त्यांनी कागद आणायला पाठवलं तेव्हा मला शाळेची आठवण झाली.

२१ जून
गाडी नाही. साहजिक आहे. दोन सिलिंडर म्हणजे दुप्पट काम. कंपनीला सहा पानी पत्र लिहिलं, सोबत रंगीत चित्र. हँडल थोडं खाली घ्यावं असं सुचवलंय.

१३ जुलै
आप्पासाहेबांची नगरच्या कोर्टात बांधाची तारीख होती. पहाटेची एसटी चुकली. दुसरी मिळून पोचेपर्यंत दुपार झाली आणि त्यांच्या गैरहजेरीत निकाल चुलतभावाच्या बाजूने गेला. आता अपील. मला वाईट वाटलं. पण वकिलाने थांबवून धरायला नको होतं का? मोटरसायकलचा इथे संबंध नाही. बायको, प्रेमला, म्हणाली, आहे. जेवण झाल्यावर तिच्याशी बोललो नाही.

१ ऑगस्ट, रविवार
गॅरेजवर गेलो नाही. डोकं दुखत होतं. सायकल पंक्चर, म्हणून बाजारातून चालत येताना पुंजाराम भेटला. म्हणाला, बसा मास्तर. दोन कॅनच्या मधे बसलो. जुनी गाडी अजून झकास पळते. हे कुणाला सांगायची गरज नाही.

८ सप्टेंबर
कंपनीचं कार्ड आलं, छापील. आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. नोंद! गोरक्षला दाखवलं. त्याने दोन्ही बाजू पाहिल्या आणि विचारलं, हँडलचं कुठं लिहिलंय?

२२ सप्टेंबर
रजा टाकून आप्पासाहेब आणि गोरक्षबरोबर नगरला. शोरूममध्ये गर्दी. गाडी उघडी ठेवलेली. सिलिंडर एक. सायलेन्सर दोन. सेल्फ-स्टार्टर नाही, किकच. इंजिन जुन्याच गाडीचं, असं विक्रेत्यानेच अभिमानाने सांगितलं.

मी बोलायला सुरुवात केली की परदेशी मॉडेल वेगळं असावं, इथे कंपनीने हात आखडला. आप्पासाहेबांनी ऐकलं नाही. लिटरला किती जाते ते विचारलं, एकदा किक मारून पाहिली आणि म्हणाले, "घिऊ हीच."

मी म्हणालो, जरा थांबला असता तर पुढच्या वर्षी...

आप्पासाहेब शांतपणे म्हणाले, "मास्तर, मला कोर्टात येळंवर पोचायचं हुतं. सिलिंडर किती, हे मी कवाच इचारलं न्हाई."

गोरक्षला मागे बसवून ते निघाले. गोरक्षने हात केला. आप्पासाहेबांना गाडी सांभाळायची होती.

श्रीरामपूरपर्यंत एसटीत उभा. घरी प्रेमलाने विचारलं, कशी आहे गाडी? सांगायला बसलो. सहा महिन्यांत पन्नास तरी चित्रं काढली होती तिची. मग तिने रंग विचारला.

बराच वेळ आठवून पाहिला. बहुतेक बघितलाच नव्हता.