जुन्या यंत्रात न मावलेले दाजी

चिरंजीव भाचेराव यांस,

मामाचे आशीर्वाद. येथे सर्व कुशल. तिकडचे कुशल कळवावे, पण खरे कळवावे. ताईचे गुडघे कसे आहेत? (मागे तू ‘उत्तम’ असे लिहिलेस आणि त्याच आठवड्यात तिने मला फोनवर मनसोक्त कण्हून दाखवले. तुझ्या विधानांची मी पडताळणी करतो, हे ध्यानात असू दे.)

तू धाडलेली डिस्क पोहोचली. तुझ्या कथनानुसार तीत दाजींची ध्वनिमुद्रणे आहेत. दर रविवारी गच्चीवर तुझे वडील आणि मी जे वाद घालत असू, ते तू चोरून टिपत होतास म्हणे. दाजी गेल्यापासून माझ्याशी नीट भांडणारे कुणी उरलेले नाही. (माझे चिरंजीव प्रत्येक मुद्द्याला ‘बरोबर आहे, बाबा’ म्हणतात. उद्धटपणाचा याहून वाईट प्रकार मला ठाऊक नाही.) शेवटच्या वादात माघार कोणी घेतली, एवढेच मला तपासायचे होते. म्हणून डिस्क माझ्या संगणकाला जोडली. त्याचा पंखा गिरणीसारखा घरघरतो खरा, पण आजवर तो माझ्याशी खोटे बोललेला नाही. त्याने सांगितले की डिस्क रिकामी आहे. शिवाय ती बत्तीस गिगाबाइटची आहे. आणि वेष्टनावर तर दोन टेराबाइट छापलेले. पिंप म्हणून विकत घ्यावे आणि आत पेलाभर जागा निघावी, तर संशय कोणाचा घ्यावा?

सूनबाईचे मत निराळे पडले. “बाबा, तुमच्या मशीनची फायली ठेवायची पद्धतच जुनी आहे. ती निघाली तेव्हा एवढ्या मोठ्या डिस्क नव्हत्याच. त्याला आपलं बत्तीसपर्यंतच मोजता येतं.” त्यापुढचे काय, असे मी विचारले. “पुढचं त्याला दिसत नाही.” जे दिसत नाही ते नाही, असा सिद्धांत मी शांतपणे मांडला. तेव्हा तुझी मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, “चष्मा काढला की यांना मीही दिसत नाही. मग काय, मी नाहीच का?” (वादात पक्षकार नसलेल्यांनी पडू नये.) दिसण्याजोगी वस्तू, पाहणाऱ्याला दृष्टी असूनही, दिसली नाही तरच ती नाही म्हणावे, अशी पुस्ती दाजी नेहमी जोडत. ती येथे लागू पडते असे कोणी सुचवले नाही, म्हणून मीही ती विचारात घेतली नाही.

सबब माझा संशय तुझ्यावर आहे. माझा पराभव ऐकून मला वाईट वाटेल, या दयाबुद्धीने तू ते रविवार गाळले असावेस. पण मग मी जिंकलेले तरी ठेवायचे होतेस. सगळेच गाळले असशील, तर मी एकदाही जिंकलो नव्हतो असा त्याचा अर्थ होतो, आणि तो मला मान्य नाही. सविस्तर खुलासा यावा.

तुझा,
मामा

ता. क. : निःपक्षपातासाठी नमूद करतो की, माझ्या खोलीत आणण्यापूर्वी डिस्क सूनबाईच्या नव्या यंत्राला लावली होती आणि तेथे सारे रविवार ओळीने दिसले होते. दिवाणखान्यात सर्वांदेखत हरलेले ऐकणे मला प्रशस्त वाटले नाही, म्हणून मी ती तशीच काढून घेतली.

आणखी एक : माझ्या यंत्राने आरंभी विचारले होते, ‘ही डिस्क ओळखता येत नाही. फॉरमॅट करून नव्याने तयार करू का?’ सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यावे, या शिस्तीने मी ‘होय’ म्हटले. ती रिकामी असल्याचे त्याचे विधान त्यानंतरचे आहे. हे सूनबाईला अद्याप ठाऊक नाही, आणि तू सांगायचे नाहीस.

शेवटचे : मूळ प्रत तू जपून ठेवली असशील. नसल्यास हे पत्र वाचल्याचे मला कळवू नकोस. असल्यास माझ्या यंत्राला झेपतील अशा लहान डिस्कवर एकेक रविवार धाड. निकालाची घाई नाही. माझा एखादा मुद्दा ऐकून दाजी ठसका लागेपर्यंत हसतात, तो भाग आधी येऊ दे.