विमानाच्या कागदांतला एक परिच्छेद

नाना, तुमचा टाइपरायटर आत्यानं तिच्या घरी नेला, हे तुम्हाला ठाऊक नसणार. धारला, वरच्या मजल्यावरच्या तिच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी तो असतो आणि त्याच्यावर ती भाजीची टोपली ठेवते. तुम्ही असतात तर बहीणभावांची चांगलीच जुंपली असती. त्या टोपलीसमोर बसून मी जे केलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि सांगायला पुन्हा तुम्हीच सापडलात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरगी उनाडते म्हणून तुम्ही मला कचेरीबाहेरच्या तुमच्या टेबलाशी बसवायचात. लोकांचे अर्ज आणि खरेदीखतं टाइप करून द्यायची, एवढंच अर्जीनवीसाचं काम. पण तुमचा एक जादा नेम होता. अंगठा उठवण्याआधी सगळा कागद मोठ्यानं वाचून दाखवायचा. शेजारच्या टेबलावरचे हसायचे, ‘पंडितजी की कथा चालू हे!’ एक दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. गावाकडची एक म्हातारी शेत विकायला आलीय. तुमचा घसा बसलाय, म्हणून कागद माझ्या हातात. ती म्हणते, ‘बेटी, म्हने बाँची ने सुणई दे.’ मी वाचतेय. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, विहिरीत कुणाचा किती हिस्सा, हे काही संपत नाही आणि मला भूक लागलीय. मी ते सगळं गाळते आणि थेट सहीच्या जागेवर येते. तुम्ही टाइप करता करता, मान वर न करता विचारता, ‘विहीर कुठे गेली?’ मी सहीच्या जागेवरचं बोट उचलते. ‘तुला कंटाळा आला ना, त्याच ओळीत तिचं पाणी आहे. परत पहिल्यापासून.’ मी पहिल्यापासून वाचलं. विहीर आली तशी म्हातारी ताडकन म्हणाली, ‘कुवो तो नी बेचणो!’ विहीर तिला विकायचीच नव्हती; शाई लावलेला अंगठा पदराला पुसून उठून गेली. तुमची त्या दिवसाची कमाई तिच्याबरोबर गेली. तरी घरी येताना तुम्ही मला कचोरी घेऊन दिलीत.

मी देवासच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे, हे तुम्ही पाहून गेलात. दुसऱ्यांच्या मालातली खोट काढायचा मला पगार मिळतो. तिथल्याच एका सहकाऱ्यानं एका नव्या कंपनीचं सांगितलं. विजेवर उडणारी छोटी विमानं बनवणार, आणि एखाद्या खोलीत मावेल एवढी अणुभट्टीही. ‘दीदी, जहाज भी इनका, बिजली भी इनकी, एकदम सॉलिड हे,’ तो म्हणाला. कंपनी अजून शेअर बाजारात आलेली नव्हती, इंदूरचा एक दलाल आधीच समभाग मिळवून देत होता. मी चित्रं पाहिली आणि खुळावले, नाना. पांढरंशुभ्र विमान, धूर नाही, घरघर नाही. जिथे कुणी थांबत नाही अशा आपल्यासारख्या गावांत ते उतरणार. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत झाली. पण दलाल ठरावीक रकमेच्या खाली घेत नव्हता आणि माझी जमा निम्मीच भरत होती. उरलेली निम्मी आत्याकडे होती, शाळेतून निवृत्त होताना मिळालेली.

त्या दुपारी आत्या मटार सोलत होती. कंपनीचे कागद इंग्रजी, तेही माझ्या फोनवर, आणि आत्याचं इंग्रजी बेताचं. मी एकेक परिच्छेद मराठीत सांगत गेले. विमान किती लांब जाईल, भट्टी किती लहान, किती देशांना हवी आहे. तिचे हात थांबले होते. ‘धारला उतरेल का गं?’ तिनं विचारलं. उतरेल म्हणाले. मग तो परिच्छेद आला. विमानाला आणि अणुभट्टीला, दोन्हींना परवानगी मिळायची आहे, मिळेलच असं नाही. समभाग हवे तेव्हा विकता येणार नाहीत. सगळी रक्कम जाऊ शकते. मी तो मनात पूर्ण वाचला. दोनदा वाचला. आणि अंगठ्यानं वर सरकवला. आत्या म्हणाली, ‘संपलं?’ मी म्हणाले, ‘संपलं.’ तिनं फोन हातातही घेतला नाही. ‘तू नानाची मुलगी. तू वाचलंस म्हणजे झालं,’ असं म्हणून तिनं चेकवर सही केली.

कंपनी बुडालेली नाही. पहिलं उड्डाण पुढे जातं, पुन्हा पुढे जातं. भट्टी अजून कागदावरच आहे. विकायला काढलं तर घ्यायला कुणी नाही. मध्ये आत्याच्या शेजारच्या घरात तळमजल्यावरची खोली विकायला निघाली. तिचे गुडघे पार गेलेत. ती मला म्हणाली, ‘ते विमानातले पैसे काढ बाई, आता मला जिना होत नाही.’ मी मालकाला भेटून येते म्हणून गेले, कोपऱ्यावर पोहे खाल्ले आणि परत येऊन सांगितलं की मालकानं विचार बदलला. ती एवढंच म्हणाली, ‘असू दे, नशीब.’ आता जिन्याच्या मधल्या पायरीवर तिनं एक पाट ठेवलाय. चढताना तिथे बसते, दम खाते, मग पुढे. गेल्या खेपेला मीही त्यावर बसून पाहिलं. मला माझी शरम वाटली. आणि वरून ती शेजारणीला सांगत होती, ‘भाचीनं सगळं वाचून दाखवलंय मला, नाना दाखवायचा तसं.’

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, ते मी जाणते. खरं तर ते आत्यासाठी लिहिलं. रविवारी धारला जायचं, तिच्यासमोर बसायचं आणि हेच वाचून दाखवायचं, असं ठरवलं होतं. तोंडी सांगायला गेले तर मी वळसे घेईन. म्हणून आज देवासच्या खोलीत दार लावून तुमच्या पद्धतीनं, मोठ्यानं, पहिल्यापासून वाचून पाहिलं. तो परिच्छेद नीट वाचला. मग त्या तळमजल्यावरच्या खोलीच्या मालकाची ओळ आली, आणि ती मी गाळली. ऐकायला मी एकटीच होते.