पहिल्या वर्षाच्या लॅबचा नळ

मंगळवार, संध्याकाळ. चामराजपेट.

चहा निवून गेला, राग काही निवत नाही.

किती वेळा सांगितलं, पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्री लॅबला एकच नळ आहे, आणखी दोन तरी बसवा. माजी विद्यार्थी संघानं दिलं काय? गेटासमोर कारंजं! नळाशेजारी उभं राहून कोण फोटो काढणार, नाही का. आणि प्लंबरनं कारंज्याला पाणी जोडलं कुठून? आमच्याच लॅबच्या टाकीतून!

आज उद्घाटन. तिकडे कारंजं उडालं, इकडे नळ कोरडा. नेमकं तेव्हाच एका मुलीच्या हातावर ॲसिड सांडलं. बिचारीचं पहिलंच टायट्रेशन. नळ उघडला तर नुसता फुसफुसला. आमचा लॅब अटेंडर रामण्णा म्हणतो, "अक्का, स्वल्प थांबा, येईल पाणी."

ॲसिड थांबतं का?

पोरीला धरून जिना उतरले, पाहुण्यांच्या मधून घुसले आणि तिचा हात धरला कारंज्याखाली. चांगली पंधरा मिनिटं. हात वाचला, नुसता लाल झालाय. प्रिन्सिपल कानाशी येऊन कुजबुजले, "मॅडम, पाहुणे खोळंबलेत, जरा आवरा." काय आवरू? नळासाठी केलेले अर्ज?

आत्ता संघाच्या ग्रुपवर फोटो आलाय. कारंजं, मी आणि ती पोर. तिच्या डोळ्यांतलं पाणी स्पष्ट दिसतंय. खाली लिहिलंय : 'पहिल्याच दिवशी विद्यार्थिनींनी लुटला कारंज्याचा आनंद!'